दोन महिन्यांचे पिल्लू आणि दिवसभर कुलूपबंद घर

उंबरठा

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात एका भटक्या कुत्रीने पिल्ले घातली होती, त्यांपैकी एक मादी पिल्लू आम्ही घरी आणले आहे. तिचे नाव चिंगी. वय साधारण दोन महिने असून पहिली लस आणि जंतांचे औषध देऊन झाले आहे. आम्ही दोघेच कोथरूडला राहतो. हे नोकरीसाठी हिंजवडीला जातात आणि माझे कार्यालय शिवाजीनगरला आहे. सध्या मी घरून काम करत असल्यामुळे काही अडत नाही, परंतु पुढच्या महिन्यापासून मला आठवड्यातील चार दिवस कार्यालयात हजर राहावे लागणार आहे आणि त्या दिवशी सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घराला कुलूप असेल. सासूबाई सांगलीला असतात, पण त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना पिल्लामागे धावायला लावणे योग्य नाही.

एवढ्या लहान पिल्लाला किती वेळ एकटे ठेवता येते, ठेवायचेच झाले तर दिवाणखान्यात ठेवावे की बाल्कनीत, आणि सोबतीला तिचेच एखादे भावंड आणले तर प्रश्न सुटेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. 'आधी विचार करायला हवा होता' हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगून झाले आहे.

कडुलिंब

दहा तास अजिबात नाही. हे आधी स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढची चर्चा 'कसे ठेवावे' याऐवजी 'मधल्या वेळेत कोण येणार' या प्रश्नावर होईल.

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी धरून ठेवता येत नाही. जितके महिने वय, त्यात एक मिळवला की तितके तास, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. परंतु ही कमाल मर्यादा आहे आणि तीसुद्धा पिल्लू झोपेत असतानाची. जागे असताना झोपेतून उठल्यावर लगेच, खेळून झाल्यावर, आणि खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याला जावेच लागते. दुसरी गोष्ट खाण्याची. या वयात दिवसातून तीन ते चार वेळा थोडेथोडे खायला द्यावे लागते, कारण पोट लहान असते आणि वाढ भराभर होत असते. सकाळी साडेआठला वाटी भरून ठेवली की पिल्लू ती पाच मिनिटांत संपवणार आणि संध्याकाळपर्यंत उपाशी राहणार.

दिलासा एवढाच की पिल्ले दिवसातील अठरा ते वीस तास झोपतात. त्यामुळे दहा तासांत निदान तीनदा कोणी येऊन अर्धा तास थांबले, शू-शी करवली, खायला घातले आणि थोडे खेळवले, तर उरलेला बराचसा वेळ ती झोपूनच काढेल. तिसरा महिना संपेपर्यंत दोन-अडीच तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. सहा महिन्यांनंतर चार-पाच तासांचे अंतर बहुतेक कुत्र्यांना झेपते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही रोज दहा तास कोंडणे मला मान्य नाही, पण तो वेगळा विषय.

भावंड आणू नका. दोन पिल्ले एकमेकांतच गुंतून राहतात, माणसाकडे लक्ष कमी देतात आणि शिकवण्याचे काम दुपटीने वाढते. शिवाय कुलूप उघडल्यावर एकाऐवजी दोघांचे पुसावे लागते. दुसरे कुत्रे आणायचेच असेल, तर पहिले दीड-दोन वर्षांचे होऊन स्थिरावल्यावर आणावे.

तिखटमीठ

मला ही सगळी चर्चा अतिशयोक्त वाटते. आमच्याकडे मी आणि पत्नी दोघेही नोकरीला होतो, तेव्हाच कुत्रा आणला होता. न्हाणीघरासमोरच्या पॅसेजमध्ये रद्दी पसरून, पाणी ठेवून आम्ही निघून जात असू. पहिले काही दिवस तो रडला आणि नंतर गप्प झाला. आज तो नऊ वर्षांचा असून ठणठणीत आहे. पूर्वी कुत्र्यांचे इतके लाड कोणी करत नसे. आमच्या गावी तर कुत्र्याला घरात घेण्याचाही प्रश्न नव्हता.

पडवी

तिखटमीठ, तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी थोडे लिहिते, कारण माझे बालपण राजापूर तालुक्यात गेले आहे आणि आमच्या घरी कायम दोन-तीन कुत्री असत.

गावात कुत्र्याला घरात घेत नसत हे खरे, पण म्हणून ते एकटे असते असे नाही. पडवीत आजोबा सुपारी कातरत बसलेले असायचे, मागल्या दारी भांडी घासणे चाललेले असायचे, गडीमाणसे ये-जा करायची, आणि कंटाळा आला की कुत्रे स्वतःच उठून शेजारच्या खळ्यात जायचे. शू लागली तर कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. ऊन चढले की ते फणसाखाली जायचे आणि पाऊस आला की ओट्यावर यायचे. माणसाने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही तरी चालायचे, कारण दार उघडे होते. फ्लॅटमध्ये आपण दार बंद करतो, त्यामुळे त्याच्या शू-शीची, तहानभुकेची, उन्हापावसाची आणि सोबतीची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. गावातल्या कुत्र्याचा दाखला फ्लॅटमधल्या कुत्र्याला लागू करता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि गप्प झाला म्हणजे रुळला असे मला वाटत नाही. रडून कोणी येत नाही हे कळले की पिल्लू रडणे सोडते. त्याची भीती गेली का, हे त्यावरून कळत नाही.

कडुलिंब

पडवी यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून लिहितो. भीती गेली की नाही हे ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. घरातला जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर उभा करून चित्रीकरण सुरू ठेवा आणि अर्धा तास बाहेर जा. बहुतेक पिल्लांचा त्रास पहिल्या अर्ध्या तासातच दिसून येतो. पिल्लू थोडे कुरकुरले, दाराशी घुटमळले, मग चघळायचे खेळणे घेऊन बसले आणि झोपले, तर काळजीचे कारण नाही. मात्र ते एकाच वाटेने येरझाऱ्या घालत असेल, सतत धापा टाकत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, दाराची चौकट किंवा उंबरा ओरबाडत असेल, तर ते घाबरलेले आहे. सर्वांत बोलकी खूण अन्नाची. एरवी ज्या पनीरच्या तुकड्यासाठी ते उड्या मारते, तो तुकडा तुम्ही परत येईपर्यंत जसाच्या तसा पडलेला असेल आणि तुम्ही आत पाऊल टाकताच ते त्यावर तुटून पडत असेल, तर एकटे असताना त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता असे समजा.

कंटाळलेले पिल्लूही नासधूस करते, पण ती वेगळी असते. चपला, उशी, सोफ्याचा कोपरा, जे तोंडाला लागेल ते ते चावत सुटते. घाबरलेल्या पिल्लाची नासधूस दार आणि खिडकीपाशी एकवटलेली असते. कंटाळ्यावर खेळणी आणि व्यायाम हा उपाय आहे, भीतीवर नाही.

गोठलेले_तळे

मी गेली काही वर्षे स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग येथे राहतो. इथल्या नियमांची माहिती या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते.

इथल्या पशुकल्याणाच्या नियमांनुसार घरात ठेवलेल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावेच लागते, आणि पिल्लांना व म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याहून अधिक वेळा न्यावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे आठ तासांची नोकरी असलेल्या माणसासमोर कुत्रा घेण्याआधीच मधल्या वेळेचा प्रश्न उभा राहतो. कुत्र्यांची पाळणाघरे इथे अगदी सर्रास आहेत. सकाळी मुलाला एका पाळणाघरात आणि कुत्र्याला दुसऱ्या पाळणाघरात सोडून कामावर जाणारी कुटुंबे मी रोज पाहतो. हे स्वस्त नाही. म्हणून अनेक जण शेजाऱ्यांशी आळीपाळी ठरवतात, किंवा घरातील दोघांपैकी एकाने सकाळी उशिरा निघायचे आणि दुसऱ्याने लवकर परतायचे अशी वेळ बसवतात.

आपल्याकडे असा तासांचा नियम नाही, पण उंबरठा यांच्या घरी दोन माणसे आहेत आणि दोन्ही कार्यालये वेगवेगळ्या दिशांना आहेत, म्हणजे वेळा थोड्या पुढेमागे करण्यास वाव असावा. दहा तासांचे सलग कुलूप साडेसात तासांवर आले तरी मधल्या फेऱ्यांपैकी एक कमी होईल.

उंबरठा

सर्वांचे आभार. कडुलिंब यांनी सांगितल्याप्रमाणे मी मोबाइल लावून खाली दूध आणायला गेले होते. चिंगीने दार बंद होताच माझी एक चप्पल ओढत आणून दाराच्या फटीसमोर ठेवली, तिच्यावर पुढचे दोन्ही पाय टाकले आणि फटीला नाक लावून बसली. मध्येमध्ये बारीक आवाजात कुरकुरत होती. लिफ्टचा आवाज आला की कान टवकारत होती. शेवटी तिथेच झोपी गेली. याला भीती म्हणावे की वाट पाहणे, हे मला ठरवता येत नाही. पनीर ठेवायला मी विसरले नव्हते. ते मात्र तिने लगेच खाल्ले.

यांनी सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी पाचपर्यंत परतायचे, आणि मी साडेनवाला निघायचे, असे जमण्यासारखे आहे. तरीही साडेनऊ ते पाच हा वेळ उरतोच.

कडुलिंब

पनीर खाल्ले आणि झोपली, म्हणजे सुरुवात उत्तम आहे. आता तुम्ही घरी असण्याचे जे दिवस उरले आहेत ते वाया घालवू नका. घरून काम करणाऱ्या बहुतेकांची पिल्ले दिवसभर पायाशी असतात, आणि मग ज्या सोमवारी कार्यालय सुरू होते त्या सोमवारी पिल्लावर आभाळ कोसळते. एकटे राहणे शिकवायचे ते आपण घरात असतानाच शिकवावे लागते.

काम करताना तिला त्याच खोलीत, पण जाळीच्या कुंपणाआड ठेवा. मग अधूनमधून स्वयंपाकघरात जाऊन या. नंतर खोलीचे दार क्षणभर लोटा आणि लगेच उघडा. पुढे मिनिटभर, मग पाच मिनिटे. कुरकुर सुरू होण्याआधी परत येणे हे यातले मर्म आहे. वेळ रोज वाढलीच पाहिजे असेही नाही. कधी वीस मिनिटे, कधी दोनच, अशी सरमिसळ ठेवली तर तिला अंदाज बांधता येत नाही आणि ती ताणात राहत नाही. त्याचबरोबर निघण्याच्या खुणांची धार बोथट करा. किल्ल्या उचलून पुन्हा सोफ्यावर बसा, पर्स खांद्याला लावून भांडी विसळा, चपला घालून गॅलरीत फिरून या. किल्ल्यांचा आवाज म्हणजे विरह, हे समीकरण तिच्या डोक्यात पक्के होऊ देऊ नका.

निघताना गळ्यात पडून निरोप घेणे आणि आल्यावर आरडाओरडा करून भेटणे टाळा. एखाद्या पोकळ रबरी खेळण्यात दही किंवा कुस्करलेला भात-कोंबडी भरून ते गोठवून ठेवले, तर चाटून संपवायला बराच वेळ लागतो आणि चाटण्याने पिल्ले शांत होतात. ते खेळणे फक्त तुम्ही निघतानाच मिळावे.

आणि रडत असेल तर? 'रडू द्या, सवय होईल' हा जुना सल्ला मी देणार नाही. रडू लागली म्हणजे आपण पायरी घाईने चढलो असे समजून दुसऱ्या दिवशी वेळ कमी करावी.

रविवारची_धुणी

जागेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. बाल्कनी मुळीच नको. कठड्याच्या गजांमधून दोन महिन्यांचे पिल्लू सहज निसटते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन फरशी तापवते, आणि खालच्या प्रत्येक हालचालीवर भुंकण्याची सवय तिथेच लागते. दिवाणखान्याचा एक कोपरा जाळीच्या कुंपणाने अडवावा. एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या टोकाला रद्दी किंवा शूचे पॅड, आणि न उलटणारे जड भांडे पाण्यासाठी. अंथरुणावर तुमचा वापरलेला, न धुतलेला सुती दुपट्टा ठेवावा. गळ्यात पट्टा ठेवू नये, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो. साखळीने तर कधीच बांधू नये.

जमिनीवर गुडघे टेकून, पिल्लाच्या उंचीवरून एकदा घराकडे बघा. मोबाइलच्या चार्जरची लोंबणारी वायर, डासांच्या औषधाचे यंत्र, शेल्फच्या खालच्या कप्प्यातील तापाच्या गोळ्या, कांदे-बटाट्यांची टोपली, हे सगळे तेव्हा दिसते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी आहेत. आपल्या घरातील पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्याही घातक ठरतात. चार महिन्यांच्या सुमारास दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागले की हिरड्या शिवशिवतात, आणि तेव्हा वायरींचा धोका सर्वांत जास्त असतो.

फरशी फिनाइलने पुसणे थांबवा. पांढऱ्या-काळ्या फिनाइलमधील घटक पिल्लाच्या पंजांना लागतात आणि ते पंजे चाटते. शू पुसायला पाण्यात पांढरे व्हिनेगर घालून वापरावे. अमोनियाच्या वासाची साफसफाईची द्रव्ये टाळावीत, कारण त्या वासामुळे पिल्लू पुन्हा त्याच जागी बसते.

वीज गेली तर पंखा बंद पडेल, हेही लक्षात घ्या. इन्व्हर्टरवर दिवाणखान्याचा पंखा आहे ना, ते तपासून पाहावे.

नको_रे_सचिवपद

आमच्या सोसायटीत मी काही काळ समितीवर होतो आणि भुंकण्याच्या तक्रारी हा आमच्या सभांचा कायमचा विषय असे. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली पाळीव कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि कुत्रे भुंकते एवढ्या कारणावरून ते काढून टाकण्याची सक्ती करता येत नाही. समितीने त्रास दिला तर हे दाखवता येईल. परंतु त्याच सूचना मालकांनाही शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्यास सांगतात. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याला सतत बांधून किंवा कोंडून ठेवून व्यायाम न देणे हा गुन्हा म्हटला आहे, हे कुत्रेवाले सहसा वाचत नाहीत. महापालिकेचा परवानाही काढून ठेवावा.

कायद्याच्या आधी मात्र शेजाऱ्यांच्या दाराची घंटा वाजवावी. 'आमच्याकडे लहान पिल्लू आहे, काही दिवस दुपारी रडण्याची शक्यता आहे, फार आवाज आला तर मला फोन करा' एवढे सांगून क्रमांक दिला, तर निम्म्या तक्रारी समितीपर्यंत पोहोचतच नाहीत. आमच्या मजल्यावर अशाच एका घंटेतून दुपारी कुत्र्याला खायला घालणारे निवृत्त गृहस्थ सापडले होते.

पडवी

मधल्या फेरीसाठी बहुतेक घरांत पहिले नाव कामाच्या मावशींचे येते, म्हणून एक विनंती. त्यांना गृहीत धरू नका. अनेक जणींना कुत्र्याची भीती वाटते, काहींना लहानपणी चावा बसलेला असतो, आणि नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटतो. आधी मोकळेपणाने विचारावे, तुम्ही घरी असताना पिल्लाशी ओळख करून द्यावी, आणि त्या तयार झाल्या तर भांडी-केरापेक्षा वेगळे काम म्हणून वेगळे पैसे द्यावेत. शी उचलणे आणि अर्धा तास खेळवणे हे काम आहे. दिवाळीच्या साड्या देऊन ते फिटत नाही.

तिखटमीठ

पडवी यांच्या या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आधीच्या प्रतिसादाशी अजूनही नाही, पण आमच्या वेळी मोबाइल लावून बघायची सोय नव्हती हेही खरे आहे.

उंबरठा

अद्ययावत माहिती देते. समोरच्या सदनिकेतील काकू निवृत्त शिक्षिका आहेत. घंटा वाजवण्याचा सल्ला मानून आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कळले की चिंगीच्या आईला गेले वर्षभर पोळी-भात घालणाऱ्या त्याच आहेत. त्या दुपारी बाराला येऊन तासभर थांबायला तयार आहेत. पैशांचा विषय काढल्यावर त्या रागावल्या, म्हणून त्यांचा भाजी-किराणा आम्ही आणून द्यायचा असे ठरले. कामाच्या मावशींना कुत्र्याची भीती नाही. त्या अडीचला येतील आणि त्यांचे पैसे वेगळे ठरवले आहेत. म्हणजे साडेनऊ, बारा ते एक, अडीच आणि पाच अशी साखळी जुळते.

आता दोन शंका आहेत. जवळच एक श्वान-पाळणाघर आहे, तिथे आठवड्यातून एक दिवस तिला आत्तापासून पाठवावे का? आणि काकू खाली भटक्या कुत्र्यांना हात लावून वर येतात, त्यातून काही धोका आहे का?

कडुलिंब

साखळी छान जुळली आहे. पहिल्या आठवड्यात चारही दिवस न जाता मध्ये एखादी रजा टाकता आली तर टाका.

पाळणाघर आत्ता नको. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांविरुद्धच्या लसीचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास येते. हे सगळे पूर्ण झाल्यावर पुढे कधी पाठवायचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. जे पाळणाघर लसींचे कार्ड न बघता पिल्लू घेते, तिथे नंतरही पाठवू नका. मात्र तोवर तिला घरात कोंडून ठेवू नये. माणसांची, आवाजांची, वाहनांची ओळख होण्याचे वय हेच आहे. पिशवीत किंवा कडेवर घेऊन रोज खाली न्या, रिक्षा, शाळेची बस, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळे दाखवा आणि ऐकवा.

काकूंबाबत धोका आहे. पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो. काकूंनी चपला बाहेर काढाव्यात, साबणाने हात-पाय धुवावेत आणि तुमच्याकडे येताना वेगळा गाऊन किंवा ॲप्रन घालावा. खालच्या कुत्र्यांना खायला घालणे चिंगीला भेटून झाल्यानंतर करता आले तर उत्तमच. पिल्लू एकाएकी मलूल झाले, खाणे सोडले, उलट्या किंवा रक्ताची जुलाब सुरू झाली, तर संध्याकाळपर्यंत थांबू नये. डॉक्टरांचा क्रमांक, रिक्षाचे पैसे आणि लसींचे कार्ड दाराजवळ ठेवून काकू आणि मावशी दोघींनाही आजच दाखवून ठेवा.